सोळा तासांचा दिवस

ऑगस्ट सरत आला की ओहायो, मिशिगन अशा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत संध्याकाळ रोज थोडी अलीकडे सरकू लागते. घरातली माणसं जेवून निजायच्या तयारीला लागतात, आवारातल्या तबेल्यात मात्र दिवे जळत राहतात. त्यांना टायमर लावलेला असतो. सूर्याचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिळून दिवस सोळा तासांचा भरायला हवा, असा हिशेब. घोड्याच्या अंगावरची लव थंडीनेच दाट होते असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याचं शरीर मुख्यतः उजेडाचे तास मोजत असतं. दिवस आखूड व्हायला लागला की हिवाळी केस फुटतात. दिवस लांबच राहिला तर कांती उन्हाळ्यासारखी तुकतुकीत राहते. नोव्हेंबरात ओक्लाहोमा सिटीच्या प्रदर्शनाच्या रिंगणात तांबूस घोडा तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखा चमकतो, त्यामागे तीन महिन्यांच्या अशा रात्री असतात.

हे दिवे लावणारा माणूस बहुतेक वेळा घोड्यांवर पोट भरणारा नसतो. कुणी शाळेत शिकवतं, कुणाचा दातांचा दवाखाना असतो, कुणी लोकांचे हिशेब तपासतं. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या भाषेत तो अमॅच्युअर. आपण हौशी म्हणू. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, तिथे ते नियमांतच लिहिलेलं आहे. दुसऱ्याचा घोडा शिकवण्याचे किंवा रिंगणात दाखवण्याचे पैसे घेणाऱ्याला या गटात जागा नाही. त्याला जोडून पूर्वी आणखी एक नियम होता: रिंगणात आणाल तो घोडा तुमचा स्वतःचा किंवा तुमच्या घरातल्या कुणाचा तरी असला पाहिजे. भाड्याच्या घोड्यावर चार दिवस हौस भागवून घरी जाता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. मला या साऱ्या जगाचं मर्म या दुसऱ्या नियमात दिसतं. घोडा तुमचा, म्हणजे त्याचा चारा, नाल, दुखणं आणि म्हातारपणही तुमचं. आणि त्याची जात पुढे कोणत्या वळणाला जाते, त्याचा वाटाही तुमच्याकडे येतो.

क्वार्टर हॉर्स या जातीच्या नावातलं क्वार्टर म्हणजे पाव. व्हर्जिनियात इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळात लांब शर्यतीची मैदानं नव्हती. चहूकडे जंगल आणि तंबाखूची शेतं. मग गावातल्याच सरळ रस्त्यावर दोन घोडे पाव मैल पळवायचे, म्हणजे जेमतेम चारशे मीटर. एवढ्या अंतरात जो घोडा पहिल्याच उडीत वेग घेतो तोच जिंकतो. त्यातून मागच्या पुठ्ठ्यात अचाट बळ असलेले, रुंद छातीचे, बुटके घोडे निवडले गेले. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडहून आणलेल्या जेनस नावाच्या घोड्याचं रक्त त्यांत मिसळलं. पुढे ते माणसांबरोबर पश्चिमेला गेले आणि गुरांच्या कळपामागे त्यांच्या अंगच्या गुणाला खरं काम मिळालं. कळपातून निसटणाऱ्या वासराला अडवायचं तर क्षणात सुटायचं, क्षणात थांबायचं, जागच्या जागी फिरायचं. टेक्सासमध्ये १८४०च्या दशकात आलेल्या स्टील डस्ट या घोड्याचं नाव इतकं गाजलं, की त्या ठेवणीच्या घोड्यांना लोक स्टीलडस्टच म्हणत.

या घोड्यांची वंशावळ नोंदवणारी संघटना मार्च १९४० मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थ शहरात स्थापन झाली. नोंदवहीतला पहिला क्रमांक कुणाला द्यायचा, यावर तोडगा निघाला तो असा: १९४१च्या फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात जो घोडा सर्वश्रेष्ठ ठरेल तो पहिला. किंग रँचचा विम्पी जिंकला आणि पहिला क्रमांक त्याला मिळाला. वहीचं पहिलं पानच रिंगणाने लिहिलं. त्या वहीत आज साठ लाखांहून अधिक घोड्यांची नोंद झाली आहे; जगात कोणत्याही एका जातीची एवढी मोठी नोंदणी नाही. ओहायोतल्या कोलंबसमध्ये १९६७पासून दर ऑक्टोबरला काँग्रेस नावाचं अवाढव्य प्रदर्शन भरतं आणि सुमारे तीन आठवडे चालतं. जागतिक अजिंक्यपदाचा शो १९७४ साली सुरू झाला आणि लवकरच ओक्लाहोमा सिटीत स्थिरावला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा गट वेगळा, त्यापुढे हौशी, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी सिलेक्ट. म्हणजे दहाव्या वर्षी रिंगणात उतरलेली मुलगी सत्तरीतही तिथेच भेटू शकते, आणि भेटतेही.

नवख्या माणसाने पाहायला बसावं ते शोमनशिप या प्रकाराला. यात घोड्यावर कुणी बसत नाही. माणूस जमिनीवर, उजव्या हातात दोरी, शेजारी घोडा. इथे गुण मिळतात ते दाखवणाऱ्याला. घोड्याची ठेवण कशी आहे, ते इथे मोजलं जात नाही. ठरवून दिलेल्या रेषेत चालायचं, दुडकी चालीने पळायचं, थांबायचं, मागे सरायचं. मग वळण: घोड्याने मागचा उजवा पाय खुंटीसारखा रोवायचा आणि पुढच्या पायांनी त्याभोवती पूर्ण चक्कर घ्यायची. शेवटी चारही पाय चौकोनात ठेवून स्तब्ध उभं राहायचं. परीक्षक घोड्याभोवती फिरतो, तेव्हा मालकाने सतत जागा बदलायची. परीक्षकाला घोडा पूर्ण दिसावा आणि मालकाचं लक्ष दोघांवर राहावं. हे करताना घोड्याला हात लावायचा नाही. पाय नीट ठेवायचा इशारा दोरीच्या किंचित हालचालीतून, खांद्याच्या कलण्यातून जातो. चांगली जोडी पाहताना हा इशारा आपल्या डोळ्यांना टिपता येत नाही. रोजच्या खराऱ्यात, पाणी पाजण्यात, तबेल्यातून बाहेर नेण्या-आणण्यात तो वर्षानुवर्षं मुरलेला असतो.

अनेकांचे घोडे वर्षातले बरेच महिने चाबूकस्वाराकडे, म्हणजे आजच्या भाषेत ट्रेनरकडे असतात, आणि मालक शनिवार-रविवारी गाडी हाकत तिथे जातो. नोकरी करणाऱ्या माणसाला दुसरा मार्ग नसतो, हे मला समजतं. तरी पहाटे स्वतः लीद काढून मग ऑफिसला जाणाऱ्यांकडे माझं मन अधिक ओढ घेतं. शोमनशिपच्या त्या दीड-दोन मिनिटांत हा फरक कधी कधी उघड दिसतो.

आता अवघड भाग. रिंगणात जे जिंकतं त्याची शिंगरं लोकांना हवी असतात, म्हणून परीक्षकाची आवड दोन-तीन पिढ्यांत घोड्याच्या हाडामांसात उतरते. वेस्टर्न प्लेझर हा स्वारीचा प्रकार घ्या. सैल लगाम, संथ चाल, स्वाराला पाळण्यात बसल्यासारखं वाटावं, ही मूळ कल्पना सुंदर आहे. पण हळू चालणारा घोडा जिंकतो म्हटल्यावर आणखी हळू, मान खाली असलेला जिंकतो म्हटल्यावर आणखी खाली, अशी चढाओढ लागली. नाक मातीला टेकवून खुरडत चालणारे घोडे रिंगणात दिसू लागले. शेवटी नियम कडक करावे लागले: डोकं फार खाली जाता कामा नये.

त्याहून जड किंमत मोजावी लागली ती इम्प्रेसिव्हच्या वंशाला. हा घोडा १९७४ साली हॉल्टर प्रकारात, म्हणजे नुसतं उभं करून शरीराची ठेवण तपासतात त्या प्रकारात, जगज्जेता झाला. दगडात कोरल्यासारखे स्नायू आणि त्यावर ताणून बसलेलं कातडं. तसा घोडा प्रत्येकाला हवा होता. त्याला दोन हजारांहून अधिक शिंगरं झाली, त्या शिंगरांना शिंगरं झाली, आणि हॉल्टरचं रिंगण त्याच्या रक्ताने भरून गेलं. मग काही घोडे अचानक थरथरू लागले, कातडीखाली स्नायू लाटेसारखे फडफडू लागले. काही उभ्याउभ्या कोसळले, काही दगावले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९९२च्या सुमारास कारण शोधलं. स्नायूंच्या पेशींत सोडियम आत सोडणाऱ्या दारांच्या जनुकात एक चूक होती. ही दारं नीट मिटत नाहीत, रक्तातलं पोटॅशियम वाढलं की स्नायू बेताल होतात, आणि या चुकीचा माग इम्प्रेसिव्हपर्यंत जातो. आजाराचं नाव लांबलचक आहे, लोक एचवायपीपी म्हणतात. ज्या शरीराला रिंगणाने माळ घातली, त्याच शरीरात हे दुखणं वसलं होतं.

त्यानंतरची वर्षं कडवट होती. कुणाची सगळी पुंजी त्या रक्तात गुंतलेली होती, कुणाच्या घरातलं लाडकं जनावर त्याच वंशाचं होतं. अल्फाल्फासारखा पोटॅशियम जास्त असलेला चारा बंद करून, खाणं आणि व्यायाम वेळच्या वेळी ठेवून पुष्कळ घोडे सांभाळता येतात, आणि अनेक मालकांनी ते निष्ठेने केलं. पण सांभाळणं वेगळं आणि वंश वाढवणं वेगळं. आई आणि बाप दोघांकडून दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी २००७पासून बंद झाली. एकाच बाजूने दोष आलेल्यांना मात्र दार उघडं राहिलं. माझ्या मते संघटना इथे उशिराने आणि अर्धीच चालली. पैदाशीच्या सगळ्या नर घोड्यांची आनुवंशिक चाचणी २०१५पासून सक्तीची झाली. त्यात हेर्डा हा कातडी सुटी होऊन फाटत जाणारा आजारही तपासतात. त्याचा माग पोको ब्युनो या नामांकित घोड्याच्या वंशापर्यंत पोहोचतो. पोको ब्युनो १९६९ साली गेला तेव्हा मालकाच्या इच्छेप्रमाणे त्याला टेक्सासच्या व्हर्ननजवळ वॅगनर रँचपाशी उभ्याने पुरलं. इतकं प्रेम लाभलेल्या घोड्याच्या रक्तातही ते दुखणं दडलेलं होतं आणि त्या काळी कुणालाही ते दिसणं शक्य नव्हतं. आज केसांच्या मुळांतून ते दिसतं. म्हणून आज चाचणी न करता घोडी फळवणाऱ्याला ती सबब उरलेली नाही.

या सगळ्यात हौशी मालकाची एक गोष्ट मला धीर देते. त्यांच्यातले पुष्कळजण खच्ची केलेले घोडे बाळगतात. अशा घोड्याचं शिंगरू विकता येत नाही, त्याच्या रक्ताचा बाजार मांडता येत नाही. त्याच्याकडून मिळायचं ते फक्त त्याच्या सोबतीतून. असा घोडा एकाच घरात दहा-पंधरा वर्षं राहतो. आधी आई त्याच्यावर स्वारी करते, मग लेक मुलांच्या गटात त्यालाच घेऊन उतरते, लेक कॉलेजला गेली की तो परत आईकडे येतो. तोवर आई सिलेक्टमध्ये पोहोचलेली असते. गुडघे कुरकुरतात, खोगिरावर चढायला लाकडी पायरी लागते. घोड्याचेही सांधे आखडलेले असतात, म्हणून रिंगणात जाण्याआधी दोघंही बराच वेळ नुसती पावलं टाकत अंग मोकळं करतात.

मग एका वर्षी ऑगस्ट सरतो आणि त्या घोड्याच्या ठाणावरचा टायमर लावला जात नाही. शेजारच्या तरण्या घोड्याचा दिवा जळत असतो; या म्हाताऱ्याला रात्रीही कुरणात मोकळं सोडलेलं असतं. ऑक्टोबरात त्याच्या हनुवटीखाली पहिले लांब केस दिसतात. नोव्हेंबरात शोची गाडी फाटकाबाहेर पडते तेव्हा तो कुंपणाशी येऊन उभा राहतो, छातीवर, पोटावर, पायांवर बोटभर दाट लव घेऊन. कित्येक वर्षांनी त्याला आलेला हा पहिलाच हिवाळा असतो.