कचऱ्याचं पिंप आणि मावशींची कंबर

मैत्रिणींनो, ओला-सुका कचरा आपण वेगळा करतो खरा. पण ओल्या कचऱ्याचं भरलेलं पिंप फाटकापर्यंत कोण नेतं? बहुधा सफाईवाल्या मावशी, खडी-मातीतून फरफटत! भाजीच्या देठा-सालांत बहुतेक पाणीच, आणि 1 लिटर पाण्याचं वजन 1 किलो. मग कंबर धरणारच!

वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलची हातगाडी करून घ्या. चाकं लहान, कडक नकोत बरं का. ती दगडाला अडतात, मातीत रुततात. 10-12 इंची, हवेची रबरी चाकं बसवा. पिंप जमिनीलगत, चाकांच्या आसापाशी टेकवा आणि पट्ट्याने आवळा. खड्डा आला की गाडी ढकलण्यापेक्षा ओढलेली बरी. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय तुम्हीच काढा!