वाकडा बैल चालेल!

काय दोस्तांनो, तुमच्या घरात तीन-चार वर्षांचं एखादं शेंडेफळ आहे ना? दिवसभर तुमच्या मागे मागे फिरणारं, वही ओढणारं, ‘ताई, मला पण! दादा, मला पण!’ म्हणत भंडावून सोडणारं? मग आजचा लेख खास तुमच्यासाठी!

अकोले तालुक्यातल्या मुलांना याची कल्पना चांगलीच असेल. पावसाळ्यात राजूर-भंडारदऱ्याकडे भाताची आवणी सुरू झाली, की घरातली मोठी माणसं दिवसभर खाचरात. मग धाकट्यांना कोण सांभाळणार? अर्थात थोरली ताई, नाहीतर दादा! पण या पोरांना रमवायचं कसं? मोबाइल हातात दिला तर पोर गप्प बसतं खरं, पण त्याचे हात मात्र नुसते बसून राहतात.

त्यापेक्षा त्याला बरोबर घेऊन खेळणी करा. आता ‘बरोबर घेऊन’ म्हणजे काय, ते नीट ऐका हं! आपण सुबक खेळणं करायचं आणि त्याच्या हातात ठेवायचं, असं नाही. जे त्याला जमेल ते त्यानेच करायचं. जिथे इजा व्हायची भीती, तेवढंच आपण करायचं. माती मळताना, बी चिमटीत धरताना, काडी टोचताना त्याच्या बोटांत बळ येतं. उद्या हीच चिमूट पेन्सिल धरणार आहे!

मातीचा बैल

पोळ्याला घरोघरी मातीचे बैल पुजतात. तसा बैल तुम्हीही करू शकता. चिकट माती आणा आणि तिच्यातले खडे वेचा. खडे वेचायचं काम धाकट्याचं. थोडं थोडं पाणी घालून दोघं मिळून माती मळा. हाताला चिकटेनाशी झाली, की माती तयार.

आता धाकट्याला एक मोठा गोळा वळू द्या. ते बैलाचं अंग. चार जाड वळकट्या म्हणजे पाय. शिंगं, वशिंड आणि शेपूट जोडायची असेल तिथे दोन्हीकडे काडीने ओरखडे काढा, मातीचं पातळ पाणी लावा आणि मग दाबून बसवा. नुसतं चिकटवलं, तर वाळल्यावर शिंग गळून पडतं. बैल सावलीत वाळवा. कडक उन्हात वरची माती आधी सुकते, आतली ओलीच राहते आणि बैलाला तडे जातात.

धाकट्याचा बैल तीन पायांचा होईल. कदाचित त्याला शिंगंच नसतील! तुमचे हात शिवशिवतील, ‘आण इकडे, नीट करून देतो’ असं म्हणावंसं वाटेल. पण थांबा! तुम्ही नीट केलेला बैल तुमचा होईल, त्याचा नाही. ‘याला शिंगं कुठायत रे?’ एवढंच विचारा. एक तर तो शिंगं लावील, नाहीतर म्हणेल, ‘ही गाय आहे!’

चिपाडाची गाडी

बैल झाला, आता गाडी नको का? ज्वारीचं वाळलेलं ताट घ्या. वरची कडक साल सोलली, की आत पांढरं, हलकं भेंड निघतं. सोलायचं काम मात्र तुमचं, कारण सालीची कड पात्यासारखी धारदार असते. भेंडाचे बोटभर तुकडे करा. सालीच्या बारीक काड्या करून त्यांची टोकं थोडी बोथट करा.

आता धाकट्याला बोलवा. काडी भेंडात टोचायची आणि दुसऱ्या टोकाला दुसरा तुकडा खोचायचा, बस्स! ना डिंक, ना खिळा. चौकट होईल, शिडी होईल, बैलगाडीची साटी होईल. जुन्या चपलेच्या रबराच्या गोल चकत्या तुम्ही कापून दिल्यात, तर चाकंही होतील. मोडली गाडी तर रडायचं कारण नाही, काडी पुन्हा टोचायची!

अशी दोन बैलांची गाडी आपल्या भागाला फार जुनी माहीत आहे बरं का! रतनगडाजवळ उगम पावलेली प्रवरा अकोल्यावरून वाहत पुढे श्रीरामपूर तालुक्यात जाते. तिथे तिच्या काठी दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. १९७४ साली तिथल्या एका गावकऱ्याला खोदताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ! रथ हाकणारा माणूसही त्यात उभा आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या या मूर्ती. त्या खेळणी होत्या, की पूजेसाठी होत्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण प्राण्यांना चाकं लावायची गंमत तेव्हाच्या माणसांनाही सुचली होती, एवढं नक्की.

आवाजाच्या जोड्या

सारख्या आकाराच्या सहा रिकाम्या बाटल्या घ्या. दोनांत मूठभर तांदूळ, दोनांत चिंचोके, दोनांत वाळू भरा. झाकणं घट्ट बसवून वरून चिकटपट्टी लावा. आतलं दिसू नये म्हणून बाटल्यांना बाहेरून कागद गुंडाळा. आता वाजवून वाजवून जोड्या लावायच्या. डोळ्यांचं काम नाही, कान टवकारायचे! यात तुम्हीही फसाल हं!

बियांना आपल्याकडे काय तोटा? याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणांची बँक उभी केली. त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुम्हीही आजीकडून वाल, घेवडा, हुलगा मागून घ्या आणि बाटल्यांचे आवाज वाढवा.

पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटी बी, मणी किंवा बटण कधीही द्यायचं नाही. ते घशात अडकू शकतं. तीनच्या वरचं मूल असलं तरी जवळ बसून लक्ष ठेवा. गुंज आणि एरंडी तर खेळायला घ्यायचीच नाही. लाल-काळी गुंज दिसते फार गोड, पण ती विषारी आहे. चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. बी नाकात गेलं, तर काडी घालून काढत बसू नका. लगेच मोठ्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा.

टेकडीवरची शाळा

आवाजाच्या जोड्यांचा हा खेळ मूळचा माँटेसरी पद्धतीतला. मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टरबाईंनी लहान मुलांसाठी अशी कितीतरी साधनं तयार केली. पण ती होती महाग. खेड्यातल्या मुलांना ती कशी परवडणार? ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, माती हीच त्यांची साधनं झाली.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा चालवताना एक अडचण आली. मोठी मुलं शाळेत येईनात. का? घरी धाकट्या भावंडांना सांभाळायचं होतं! मग दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं खेळायला लागलं, तेव्हा थोरलीच्या हातात पाटी आली. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली.

आज तुमच्या गावातल्या अंगणवाडीतही तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. तिथे बाटल्या, चिपाडं आणि माती घेऊन एखाद्या शनिवारी जा. ताईंना आधी विचारा आणि तासभर पोरांमध्ये बसा. आणि हो, घरी धाकट्यापायी कुणाची शाळा बुडत असेल, तर हे अंगणवाडीचं दार आईला जरूर दाखवा.

खेळ संपला, की दोघांचे हात साबणाने धुवा. आणि तो तीन पायांचा बैल? त्याला कोनाड्यात, तुमच्या बैलाच्या शेजारीच उभा करा. पडत असेल, तर मागून एक खडा लावा. मात्र धाकट्याला विचारून हं!