मुंबई ते दूधविनायक : अंतर आणि वेळ

वाराणसीच्या जुन्या वस्तीत दूधविनायक हा मोहल्ला आहे. पेशवेकाळापासून काशीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची येथे वस्ती आहे. पूर्वी महाराष्ट्रातून काशीला जाणाऱ्यास निरोप देताना पुन्हा भेट होईल की नाही, अशी शंका घरच्यांच्या मनात असे. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले. वाटेत ते त्या वर्षीच्या उठावात सापडले आणि घरी परतेपर्यंत काही वर्षे लोटली. 'माझा प्रवास' या ग्रंथात त्यांनी ही हकिकत सांगितली आहे.

आज मुंबईहून वाराणसीला विमानाने जाता येते. या दोन शहरांच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 1250 किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेले दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर होय. लोहमार्गाला डोंगर, नद्या व वाटेतील शहरे यांनुसार वळणे घ्यावी लागतात. म्हणून हेच अंतर रेल्वेने सुमारे 1500 किलोमीटर होते.

विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरला, तर 1250 किलोमीटर अंतर सुमारे 94 मिनिटांत कापले जाईल. प्रत्यक्षात मात्र सुमारे दोन तास लागतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरण्यापूर्वी वेग कमी करणे, यांत वेळ जातो. वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, खूप उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ताशी 100 किलोमीटर वेगाचा वारा पाठीशी असेल, तर विमान जमिनीच्या संदर्भात ताशी 900 किलोमीटर वेगाने जाते व हे अंतर 83 मिनिटांत संपते. तोच वारा समोरून आला, तर वेग 700 किलोमीटर होतो आणि 107 मिनिटे लागतात. त्यामुळे जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत फरक पडतो.

तरीही उड्डाणाचा वेळ म्हणजे संपूर्ण प्रवासाचा वेळ नव्हे. दूधविनायकातील वडीलधारे माणूस अत्यवस्थ असल्याची वार्ता मुंबईस आली, तर 'विमानाला दोनच तास लागतात' एवढ्याच हिशेबावर विसंबून चालत नाही. घरापासून विमानतळापर्यंत एक तास, तपासणीसाठी दोन तास, उड्डाणाचे दोन तास, उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि बाबतपूर विमानतळापासून शहरापर्यंत सुमारे एक तास, असे साडेसहा तास सहज होतात. हिवाळ्यातील दाट धुक्यामुळे विमानास उशीर झाला, तर आणखी वेळ लागतो.

शेवटचा टप्पा तर मोटारीनेही पार करता येत नाही. काशीच्या अरुंद गल्ल्यांतून दूधविनायकापर्यंत पायीच जावे लागते. वर्षांचा प्रवास तासांवर आला. परंतु आप्तांच्या दारापर्यंतची अखेरची वाट आजही पूर्वीच्या यात्रेकरूंप्रमाणे चालूनच संपते. म्हणून प्रवासाचा हिशेब विमानतळापासून विमानतळापर्यंत नव्हे, तर दारापासून दारापर्यंत करावा.