तांबी बसवायची, पण कधी?

सिझेरियनमध्ये बाळ बाहेर येतं, पाठोपाठ वार काढली जाते. गर्भपिशवी आतून पुसून घेतात आणि छेद शिवायला घेण्याआधी ती काही क्षण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर उघडी असते. बाईने आधीच होकार दिलेला असेल, तर याच वेळी तांबी, म्हणजे कॉपर-टी, पिशवीच्या अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवतात. दोरा गर्भाशयमुखाच्या दिशेने सोडून देतात. तो ओढून बाहेर काढत नाहीत. टाके घालताना सुईत दोरा अडकू नये, एवढं सांभाळायचं. वेगळी भूल नाही, दवाखान्याची वेगळी खेप नाही.

इतकी घाई कशाला, असं घरच्यांना वाटतं. पण सिझरनंतर पिशवीवरचा व्रण भरून यायला वेळ लागतो. लगेच पुन्हा दिवस गेले, तर पुढच्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर तो व्रण फाटण्याचा धोका वाढतो. बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा निदान २४ महिन्यांनी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय ‘अजून पाळी आली नाही, मग कसली काळजी’ हा हिशेब चुकीचा आहे. बीज पाळीच्या आधी तयार होतं. बाळ अंगावर पीत नसेल, तर चौथ्या आठवड्यातही.

दुसरी बाजूही आहे. बाळंतपणानंतर सुमारे एक किलोची असलेली पिशवी सहा आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आत येते. या आकुंचनात तांबी घसरून पडू शकते. सहा आठवड्यांनी बसवलेली तांबी शंभरातल्या साधारण दोघींची पडते, सिझरमध्ये बसवलेली साधारण चौघींची. साध्या बाळंतपणानंतर लगेच बसवली, तर हे प्रमाण आणखी जास्त. नुसते आकडे पाहिले, तर सहा आठवडे थांबणंच शहाणपणाचं वाटेल.

पण थांबलेल्या बायका परत येतात का? अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११२ जणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. सहा महिन्यांनी ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यात पाहिलं, तर सिझरमध्येच तांबी बसवायच्या गटात ८३ टक्के, तर नंतर बसवायच्या गटात ६४ टक्के जणी ती वापरत होत्या. नंतरच्या गटात सुरुवातीला घेतलेल्या सगळ्यांपैकी ३९ टक्के जणींना तांबी बसलीच नाही. बऱ्याचजणी त्यासाठी फिरकल्याच नव्हत्या. पडलेल्या तांब्यांपेक्षा न बसलेल्या तांब्यांनी जास्त नुकसान केलं.

आपल्याकडे तर पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना झाला की तपासणीला जायचं असतं. तोवर टाके सुकलेले असतात, बाळाची जागरणं चालू असतात आणि सासरी परतायची तयारी. तपासणी राहते ती राहतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. यातल्या ज्यांना पाळणा लांबवायचा आहे, त्यांच्यासाठी टेबलावरची वेळ मोलाची. ती हुकली, तर साधारण सहा आठवडे थांबणं आलं.

अर्थात सरसकट नव्हे. पिशवीत जंतुसंसर्ग असेल, रक्तस्राव आटोक्यात येत नसेल किंवा पिशवीचा आकारच वेडावाकडा असेल, तर तेव्हा तांबी बसवत नाहीत. बसवली, तरी सहा आठवड्यांची तपासणी चुकवायची नाही. सिझरनंतर पुष्कळदा दोरा दिसत नाही. तो वरच राहिलाय की तांबीच पडलीय, हे सोनोग्राफीत कळतं. अंगावरच्या दुधावर तांबीचा परिणाम होत नाही, आणि काढली की पुन्हा दिवस राहू शकतात.

कळांनी जीव कासावीस झालेला असताना किंवा भूल देण्याच्या तयारीत कागद पुढे सरकवून घेतलेली सही ही संमती नव्हे. सासू किंवा नवऱ्याने परस्पर मान डोलावली, तीही नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच डॉक्टरांनी किंवा नर्सताईंनी विषय काढावा, बाईने शंका विचाराव्यात, आणि तिचा होकार किंवा नकार केसपेपरवर लिहून ठेवावा. मग सिझर रात्री दोन वाजता अचानक ठरलं, तरी निर्णय तिचाच राहील.