फोनच्या घंटीवर टांगलेलं वर्ष

१९८८च्या सप्टेंबरात फ्रेंच लेखिका आनी एर्नो लेखकांच्या गटाबरोबर सोव्हिएत युनियनला गेल्या. वय ४८, घटस्फोट झालेला, मुलगे हाताशी आलेले. तिथे पॅरिसच्या वकिलातीतला एक सोव्हिएत अधिकारी भेटला. विवाहित, वयाने बराच लहान. पुढचं वर्षभर पॅरिसजवळच्या सेर्जीतल्या घरी बाई त्याची वाट बघत बसल्या. यायचं कधी, हे तो ठरवणार. यांनी फोन करायचा नाही, फक्त घ्यायचा. घंटी ऐकू यायची नाही म्हणून व्हॅक्यूम क्लीनर बंद, हेअर ड्रायरही बंद! एवढ्या शिकल्यासवरल्या बाई, पण फोन यावा म्हणून भिकाऱ्याला पैसे देण्यापर्यंत मजल गेली.

१९८९ सरता सरता तो मायदेशी परतला. या प्रेमप्रकरणावरचं ‘पासियों सेंप्ल’ हे छोटेखानी पुस्तक १९९१ साली आलं, तेव्हाची रोजनिशी ‘स पेर्द्र’ २००१ साली. पहिल्यात त्याचं नाव नुसतं ‘ए’, दुसऱ्यात ‘एस’. पहिल्या पुस्तकावर अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र पुस्तकाची ताकद त्याच्या कोरडेपणात वाटते. पश्चात्ताप नाही, कारणमीमांसा नाही, रडगाणं तर नाहीच. डॉक्टरने केसपेपरवर लिहावीत तशी लक्षणं. २०२० साली त्याच पुस्तकावर चित्रपट निघाला आणि २०२२ साली एर्नोंना साहित्याचं नोबेल मिळालं.