खेळांचा लॅपटॉप घेण्यापूर्वी

मुलाला किंवा मुलीला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. अभ्यासाची आरेखने त्यावर व्हावीत आणि सुट्टीच्या दिवशी त्रिमित खेळही खेळता यावेत, अशी अपेक्षा असते. अशा यंत्राची किंमत लाख रुपयांच्या आसपास जाते. पुष्कळ कुटुंबांत ही रक्कम हप्त्यांनी फेडावी लागते आणि घेतलेले यंत्र निदान चार वर्षे पुरवावे लागते. तरीही एवढा मोठा व्यवहार बहुधा दोन-तीन नावांच्या आधारे उरकला जातो: प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, रॅम किती. यांपैकी दुसरे नाव सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत फसवे असते. ते कसे, हे प्रथम पाहू.

खेळातील दृश्य दर सेकंदास साठ, शंभर किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने रेखाटावे लागते. प्रत्येक वेळी पडद्यावरील लक्षावधी बिंदूंचा रंग ठरवावयाचा असतो. हे काम एकट्या प्रोसेसरच्या आवाक्यातील नव्हे. त्यासाठी हजारो लहान गणनयंत्रे एकाच वेळी चालवणारी वेगळी चिप बसवलेली असते. मराठीत तिला चित्रप्रक्रियक म्हणता येईल. परंतु दुकानात जाऊन चित्रप्रक्रियक मागणाऱ्या ग्राहकाची पंचाईत होईल, म्हणून येथे ग्राफिक्स चिप हाच रूढ शब्द ठेवला आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपसाठीची चिप २०२३ मध्ये बाजारात आली. तिच्यात ३,०७२ गणनघटक आणि ८ गिगाबाइट स्वतंत्र स्मृती आहे. हे आकडे प्रत्येक लॅपटॉपमध्ये सारखेच असतात. परंतु त्या चिपला किती विद्युत्शक्ती द्यावयाची, हे लॅपटॉपचा उत्पादक ठरवतो, आणि त्याला मिळालेली मुभा ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत आहे. त्यानुसार चिपची कमाल गती १,४७० मेगाहर्ट्झपासून २,३७० मेगाहर्ट्झपर्यंत बदलते. खोक्यावरचे नाव एकच. आतील सामर्थ्यात मात्र दीडपटीहून अधिक अंतर पडू शकते. ग्राहकाने विचारले नाही, तर हा वॉटचा आकडा त्याला कोणी आपण होऊन सांगेलच असे नाही.

येथे असा प्रश्न उद्भवतो, की वॉट तिपटीहून अधिक वाढले असता गती केवळ दीडपटीनेच का वाढावी? चिपला लागणारी शक्ती ही तिची गती आणि विद्युत्दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. गती वाढवावयाची तर दाबही वाढवावा लागतो. त्यामुळे पहिल्या काही वॉटांचे फळ भरघोस मिळते आणि शेवटच्या वॉटांचे अगदी थोडे. म्हणून १०० आणि ११५ वॉटच्या यंत्रांत निवड करताना फारसा जीव टाकण्याचे कारण नाही. ४५ आणि १०० वॉटमधील फरक मात्र डोळ्यांना दिसतो. काही उत्पादक १४० वॉट असा आकडा छापतात. त्यातील २५ वॉट प्रोसेसरच्या वाट्यातून गरजेपुरते उसने घेतलेले असतात, हे ध्यानात ठेवावे.

नावाची आणखी एक गंमत आहे. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०९० आणि मेजावरील संगणकातील आरटीएक्स ४०९० या वस्तुतः दोन निराळ्या चिपा होत. पहिलीत ९,७२८ गणनघटक, तर दुसरीत १६,३८४. मेजावरील संगणकाची परीक्षणे वाचून लॅपटॉप घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते ती यामुळे.

चिपला दिलेली जवळजवळ सर्व विद्युत्शक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ग्राफिक्स चिपचे १०० वॉट आणि प्रोसेसरचे ४५ वॉट मिळून १४५ वॉट होतात. शंभर वॉटच्या जुन्या दिव्याला ज्यांनी कधी हात लावला असेल, त्यांना या उष्णतेची कल्पना येईल. ती दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीतून सतत बाहेर काढावी लागते. यासाठी तांब्याच्या बंद नळ्या वापरतात. नळीतील थोडेसे द्रव चिपपाशी तापून वाफ होते, वाफ नळीच्या थंड टोकाकडे जाते, तेथे उष्णता सोडून पुन्हा द्रव बनते आणि परतते. त्या टोकाशी धातूच्या पातळ पत्र्यांची जाळी असते व पंखा तिच्यातून हवा ढकलतो.

या व्यवस्थेचे यश बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे, आणि आपल्या देशात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसवर रोखावयाचे आहे असे धरू. खोलीत २५ अंश तापमान असेल, तर चिप आणि हवा यांत ६० अंशांचे अंतर राहते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे किंवा दिल्लीत खोलीतच ४० अंश झाले, तर हे अंतर ४५ अंशांवर येते. उष्णता वाहून जाण्याचे प्रमाण या अंतरानुसार ठरत असल्याने, पंख्याची गती तीच ठेवली तर सुमारे चतुर्थांश उष्णता आतच साचू पाहते. तेव्हा यंत्र स्वतःच आपली गती कमी करते. बहुतेक उत्पादकांच्या पत्रकांत कार्यकारी तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. थंड प्रयोगशाळेत काढलेले निकाल आपल्या घरी जसेच्या तसे मिळत नाहीत. वातानुकूलनाची सोय नसलेल्या घराने अतिशय सडपातळ यंत्राच्या मोहात पडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. जाड, थोडे बोजड, पण मोठ्या पंख्यांचे यंत्र उन्हाळ्यात अधिक उपयोगी पडते.

यानंतर पडदा. तो नंतर सहसा बदलता येत नाही, म्हणून त्याची निवड आधीच करावी. १,९२० गुणिले १,०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात. २,५६० गुणिले १,६०० च्या पडद्यावर ४१ लाख. दुसऱ्या पडद्यावर अक्षरे सुबक दिसतात हे खरे. पण प्रत्येक चित्रासाठी चिपला जवळजवळ दुप्पट काम पडते. मध्यम प्रतीच्या चिपला पहिला पडदाच मानवतो. १४४ हर्ट्झचा पडदा दर ७ मिलिसेकंदांस नवे चित्र दाखवू शकतो, तर ६० हर्ट्झचा सुमारे १७ मिलिसेकंदांस. वेगवान खेळांत हा फरक जाणवतो. रंगांविषयी ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख आढळल्यास सावध व्हावे. हे १९५३ सालच्या अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीचे माप अजूनही पत्रकांतून हिंडत असते! आजचा सर्वसाधारण रंगपल्ला त्या मापाच्या सुमारे ७२ टक्के भरतो. त्यामुळे ४५ टक्क्यांच्या पडद्यावर तांबडा रंग फिका दिसणार.

रॅम व साठवण यांची गोष्ट निराळी. रॅमच्या पट्ट्या काढता-घालता येत असतील, तर सुरुवातीस कमी घेऊन पुढे वाढवता येते. मात्र ती मदरबोर्डावर कायमची डाखलेली नाही, हे विचारून घ्यावे. सोळा गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण माहितीची वाट दुप्पट रुंद होते. पुढे रॅम वाढवण्याचा निश्चय असेल, तरच एक पट्टी घेऊन दुसरी खाच रिकामी ठेवावी. साठवणीसाठी एसएसडीची दुसरी खाच आहे की नाही, हेही पाहावे. २०२३ मध्ये आलेल्या बाल्डर्स गेट ३ या एकाच खेळास १५० गिगाबाइट जागा लागते. ग्राफिक्स चिपची स्वतःची स्मृती मात्र कधीही वाढवता येत नाही. हाती चार पैसे अधिक असतील, तर ते चिप, पडदा आणि शीतनव्यवस्था यांवर खर्चावेत. रॅम दिवाळीला घेता येईल.

बॅटरीवर खेळण्याची आशा धरू नये. विमानात विशेष परवानगीवाचून १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, त्यामुळे उत्पादकही ती मर्यादा सहसा ओलांडत नाहीत. १४५ वॉटचा खर्च भागवताना अशी बॅटरी पाऊण तासही पुरणार नाही. म्हणून तारेविना चालताना यंत्र शक्ती मुळातच आखडते घेते. वसतिगृहात राहणाऱ्याने जड अडॅप्टरचे वजनही हिशेबात धरावे.

शेवटी, जुळणीतील एक बाब पुष्कळांच्या नजरेतून निसटते. अशा लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या पोटात एक लहान ग्राफिक्स विभागही असतो, आणि एरवी मोठ्या चिपने काढलेले चित्र त्या विभागातून वळसा घेऊन पडद्यावर पोहोचते. मक्स स्विच असल्यास हा वळसा टाळून चिप थेट पडद्याशी जोडता येते. ही सोय आहे का, हे आवर्जून विचारावे. वॉटचा आकडा विक्रेत्यास सांगता आला नाही, तर मांडून ठेवलेल्या यंत्रावरच तो पाहता येतो. एनव्हिडियाचे कंट्रोल पॅनेल उघडून त्यातील सिस्टीम इन्फर्मेशन या भागात कमाल ग्राफिक्स शक्ती दिलेली असते. या कामास अर्धा मिनिट लागतो, आणि त्यासाठी दुकानदाराने नकार देण्याचे काही कारण नाही.