कावळा टोच का मारतो?

वैशाखाचे दिवस. शिरोळच्या एखाद्या परसात आंब्याखालून जाताना अचानक डोक्यावर टोच बसते. वर पाहावे तर कावळ्याचे घरटे! मग कोणीतरी बांबू घेऊन ते पाडायला निघतो. पण विद्यार्थी मित्रांनो, जरा थांबा.

कावळा पिसाळलेला नसतो. तो पिलांची राखण करीत असतो. अंड्यांतून सुमारे १६-१७ दिवसांत पिले बाहेर पडतात आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत उडू लागतात. पिले हिंडूफिरू लागली की हल्लेही थांबतात.

घरटे पाडले तर? २००६ साली अमेरिकेत सिॲटल येथे जॉन मार्झलफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच तेथील कावळे कलकलाट करीत. आपला कावळाही त्याच कुळातला. तेव्हा वैर न धरलेलेच बरे! शिवाय त्या घरट्यात कोकिळेचे पिलूही वाढत असू शकते.

म्हणून महिनाभर वाट बदलावी किंवा छत्री घेऊन जावे. श्राद्धाला ज्याची आपण वाट पाहतो, त्याला वैशाखात एक फांदी देणे काही जड नाही.